चिलापीची मुंडी

चिलापी म्हटलं की धुळ्याच्या बाजारातला माणूस आधी नाक मुरडतो आणि मग इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "ताजी आहे का?" तेहतीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला. माझं उत्तरही ठरलेलं होतं. "ताजी नसती तर इथे बसले असते का भाऊ? घरी तोंड लपवून बसले असते." मग तो हसायचा, पिशवी पुढे करायचा आणि पिशवीत आणखी एक पिशवी घालून घ्यायचा, शेजाऱ्याला वास जाऊ नये म्हणून.

आता गुडघे कुरकुरतात, पाटी सुनेकडे दिली. दिवाळी अंकाच्या ताईंचा फोन आला, "काकू, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, "अहो, माझ्या धंद्यात खवले आहेत, काटे आहेत, वास आहे. अनुभव कसला?" त्या म्हणाल्या, तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. सातवी पास आहे मी. अक्षर बरं आहे, शुद्धलेखन ताईंनी बघावं.

आम्ही भोई, मासे धरणारी माणसं. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना महामार्ग सोडून आत एक लहानसं धरण लागतं, त्याच्या काठाला आमची चाळीस घरांची वस्ती आहे. धरणाचं नाव लिहीत नाही. पुढे ज्या शेठची गोष्ट येणार आहे ते हयात आहेत, आणि त्यांच्या घरी दिवाळी अंक जातो असं ऐकून आहे. माझं माहेर अमळनेरचं. वडील तेलाच्या गिरणीत होते, आमच्या घराला तेलाचा वास. लग्न होऊन आले तर इथे घराला माशाचा वास. पहिले आठ दिवस जेवले नाही. नवव्या दिवशी सासूबाईंनी चिलापीचं कालवण पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "वास घेऊ नको, घास घे." घेतला. तेव्हापासून आजपर्यंत या माशाने मला उपाशी झोपू दिलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे धरणात रोहू, कटला यांचं बी सोडतात. बी म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ते मासे मानाचे, वाढवलेले, शेठ लोकांचे. चिलापीला कोणी सोडत नाही. ती आपली आपण येते, आपली आपण वाढते. तळहाताएवढी, फार तर दोन तळहातांएवढी, रंगाने काळपट, पाठीवर काट्यांची करवत. बेसावध माणसाने हात घातला की रक्त काढते. उन्हाळ्यात धरण आटतं, मोठे मासे खोल पाण्यात बसतात, जाळी रिकामी येतात, तेव्हा ही काठाला येते. काठच्या उथळ पाण्यात ती ताटलीएवढे खड्डे करते. ते खड्डे दिसले की आमचे हे, म्हणजे माझे यजमान, गुडघाभर पाण्यात उभे राहून फेकजाळं टाकतात. फेकजाळं म्हणजे कडेला शिशाचे मणी लावलेलं गोल जाळं. एक टोक दातात धरायचं, कमरेतून वळायचं आणि सोडायचं. जाळं भाकरीसारखं गोल पडलं पाहिजे. लांबट पडलं तर मासा हसतो, असं आमच्याकडे म्हणतात. खोल पाण्यात जायचं तर ट्रकच्या ट्यूबवर बसून, हाताने पाणी कापत. होडी आमच्याकडे कोणाकडेच नाही.

आणखी एक. चिलापी आपली पिल्लं तोंडात सांभाळते. जाळं वर काढलं की काही मासे तोंड उघडतात आणि आतून मोहरीएवढी, तिळाएवढी पिल्लं बाहेर पडतात. आमच्या वस्तीत नियम आहे, तोंडात पिल्लं असलेली मादी सापडली तर जाळं पाण्यावरच झटकायचं आणि तिला सोडून द्यायचं. हा नियम भिका आबांचा. भिका आबा माझे जेठ, यजमानांचे थोरले भाऊ. वस्तीत सगळ्यात वडील. ऐंशी ओलांडली, डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो, दात तर केव्हाच गेले, पण आवाज असा की या काठाला बोलले तर त्या काठाची म्हैस मान वळवते.

आता स्वयंपाक. लोक म्हणतात चिलापीला चिखलाचा वास येतो. येतो ना! तुम्ही तिला नीट साफ केली नाही तर येणारच. तिच्या पोटात आतल्या बाजूला काळा पापुद्रा असतो. सगळा वास त्यात. बाजारात घाईने कापून देणारे तो तसाच ठेवतात. तो बोटाने खरवडून काढायचा, मग ज्वारीचं पीठ आणि मीठ घेऊन मासा आतून बाहेरून चोळायचा, दोन पाण्यांनी धुवायचा, वर चिंचेचं पाणी लावून घटकाभर ठेवायचा. मग खोबरं आणि कांदा विस्तवावर काळे होईपर्यंत भाजायचे, आपला काळा मसाला घालून पाट्यावर वाटायचं. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की पाणी, पाण्याला उकळी आली की मासा. मासा पडला की चमचा घालायचा नाही, भांडंच धरून हलवायचं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. यापुढे मी काही बोलत नाही. ज्याने खाल्लं त्याला माहीत आहे.

पण "पिकतं तिथं विकत नाही" म्हणतात ते खोटं नाही. चिलापी खाणारे पुष्कळ, खातो म्हणणारा एक नाही. माझे एक गिऱ्हाईक होते, मूळचे पहूरकडचे, धुळ्यात स्थायिक झालेले, निवृत्त. मी त्यांना नाना म्हणायचे. कपाळाला गंध, हातात छत्री. दर रविवारी यायचे आणि म्हणायचे, "मांजरीसाठी किलोभर द्या." मी द्यायची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी म्हणाले, "साफ करून द्या, मांजरीला काटे टोचतात." साफ करून दिली. त्यानंतर एकदा वाकून विचारलं, "मागच्या वेळी जरा वास राहिला हो. काय लावता तुम्ही?" मी काळ्या पापुद्र्यापासून चिंचेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. मला राहवेना. म्हटलं, "नाना, मांजर पाट्यावर वाटते की मिक्सरला?" ते इतके हसले की छत्री हातातून पडली. तरी पुढच्या रविवारी पुन्हा, "मांजरीसाठी." शेवटपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या सूनबाई एकदा बाजारात आल्या. मी विचारलं, मांजर कशी आहे? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मांजर कधीच नव्हती."

मी नानांना हसले खरी, पण माझं तरी काय वेगळं होतं? महामार्गावरच्या एका धाब्याला मी कित्येक वर्षं चिलापी पुरवली. धाबेवाला तिचे तुकडे तळून 'तापी फ्राय' म्हणून विकायचा. गिऱ्हाईक विचारायचं हा कोणता मासा, तर म्हणायचा, नदीतला खास. मी समोर उभी असायची आणि गप्प राहायची. मलाही वाटायचं, नाव नको निघायला, नाव निघालं की खप गेला. त्या गप्प राहण्याची आता लाज वाटते. जिने घर चालवलं तिचं नाव घ्यायला मी कचरत होते. आणि याच कचरण्याने आमची वस्ती एकदा अशी गोत्यात आली की विचारू नका. ती गोष्ट सांगायलाच हा कागद घेतला आहे, बाकी सगळी प्रस्तावना.

धरणाचा ठेका शेठकडे. रोहू, कटला आमच्याच माणसांनी पकडायचे आणि शेठच्या गाडीत टाकायचे, आम्हाला मजुरी. जाळ्यात चिलापी आली की शेठ म्हणायचे, "तो कचरा तुम्ही घेऊन जा." वर्षानुवर्षं हे असंच चाललं. शेठचा कचरा म्हणजे आमचं रोजचं मीठ-मिरची. पण तीन वर्षांमागे धरण फार आटलं, शेठचे रोहू वाढले नाहीत आणि त्यांना कोणीतरी सांगितलं की चिलापी तुमच्या माशांचं खाणं खाते. त्यांनी वरच्या ऑफिसात अर्ज दिला. चिलापी हा निरुपयोगी मासा आहे, तो कोणी खात नाही, त्याच्या नावाखाली वस्तीचे लोक काठाने जाळी टाकून आमचं बीही उचलतात, म्हणून काठावरची सगळी जाळी बंद करावीत.

खरं बोलायचं तर अर्ज अगदीच खोटा नव्हता. चिलापी जागा अडवते, हे आम्हालाही दिसत होतं. काहींची जाळी बारीक होती, त्यात नको ते पिल्लूही यायचं. पण काठ बंद झाला असता तर चाळीस घरांचं रोजचं जेवण आणि बाजार दोन्ही बंद. मजुरी तर वर्षातून मोजके दिवस.

आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन रघुभाऊ, माझे चुलत दीर. माणूस धडपड्या, पण घाबरट. त्यांनी उलट अर्ज केला. लिहिला मी. "आमची चाळीस कुटुंबे चिलापी माशावर जगतात. हा मासा आम्ही आवडीने खातो व विकतो. त्याचा मान राखावा ही विनंती." मान राखावा हे माझं स्वतःचं वाक्य, मला फार आवडलं होतं.

मग निरोप आला की ऑफिसातल्या मॅडम पाहणीला येणार. त्या जो अहवाल लिहितील त्यावर सगळं. रघुभाऊंची झोप उडाली. "वहिनी, मॅडम दुपारपर्यंत थांबणार. जेवण आपल्याकडे. आपण भोई, आपल्या दारातून साहेब माणूस डाळ खाऊन जायला नको."

ठरलं, मरळ करायची. मरळ म्हणजे आमच्याकडचा राजा मासा. तीन दिवस सगळी वस्ती मरळीमागे. ट्यूबवर बसून पोरं, म्हातारे, सगळे. मरळ काही येईना. कधी नव्हे ते यजमानांनी नवस बोलला. जाळ्यात काय? चिलापी. गळाला काय? चिलापी. रोहू पकडला तर तो शेठचा, त्याला हात लावला तर अर्ज खराच ठरणार. धुळ्याला फोन केला तर तिथे बर्फातले समुद्राचे मासे, आणि मॅडम निघाल्या कोकणातल्या. कोकणच्या बाईला बर्फातला मासा वाढायचा म्हणजे तेलिणीला उसनं तेल.

पाहणीच्या सकाळी रघुभाऊ माझ्या चुलीपाशी उकिडवे बसले. "वहिनी, चिलापीच करा. पण ओळखू येऊ देऊ नका."

"म्हणजे कसं?"

"मुंडी काढा, कातडी काढा, तुकडे करा. मसाला दाट. रोहू सांगू, मागच्या महिन्यात शेठनं दिलेला. मीठ लावून ठेवला होता म्हणू."

आता माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे. अर्जात मी लिहिलं होतं मान राखावा, आणि मीच सुरी घेऊन बसले. सात मोठ्या चिलाप्या होत्या. सातही मुंड्या काढल्या, शेपट्या काढल्या, कातडी ओढली, असे सफाईदार काप केले की खुद्द चिलापीच्या आईने ओळखले नसते. मुंड्या टाकवेनात, त्यात तर खरी चव. त्या वेगळ्या भांड्यात कालवणात सोडल्या आणि भांडं चुलीमागे झाकून ठेवलं, संध्याकाळी घरच्यांना होईल म्हणून. हाताला एवढं कसब आहे याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. आता आठवलं की कान गरम होतात.

मॅडम आल्या. तिशीच्या असतील. पायात बूट, हातात वही, चेहऱ्यावर माशी हलू नये असा गंभीरपणा. काठाने सगळीकडे फिरल्या. जाळी हातात घेऊन पट्टीने भोकं मोजली. दोन जाळी बघून "हे चालणार नाही" एवढंच म्हणाल्या. रघुभाऊंना घाम. चिलापीचे खड्डे बघितले, फोटो काढले. यजमानांनी जाळं टाकून दाखवलं. भाकरीसारखं गोल पडलं, पण त्यांनी फक्त वहीत काहीतरी लिहिलं.

जेवायला बसताना म्हणाल्या, "मावशी, मला फक्त डाळ-भाकरी चालेल. मी गोड्या पाण्यातला मासा खात नाही. चिखल लागतो."

रघुभाऊ पुढे झाले. "मॅडम, रोहू आहे. एक घास तर बघा."

त्यांना नाही म्हणवेना. ओटीवर पंगत बसली. मॅडम, शेजारी भिका आबा, पलीकडे रघुभाऊ आणि सोसायटीचे तिघे-चौघे. मी वाढायला. मॅडमनी बोटांच्या टोकांनी एक कण उचलला. चावला. मग एक तुकडा. मग भाकरी मोडली आणि मोठा घास. मी पदराआडून बघत होते. दुसरा काप त्यांनी स्वतः मागून घेतला. माझ्या मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या कापाच्या मधेच त्या थांबल्या. "रोहू आहे ना हा? रोहूला मधे बारीक काटे असतात. यात तर नाहीत."

रघुभाऊ म्हणाले, "आमच्या धरणातला तसाच असतो, मॅडम."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात शेजारी आबांची बोटं ताटलीत फिरायला लागली. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. आणि ते काय शोधताहेत ते माझ्या लक्षात आलं. आमच्या वस्तीत रीत आहे. पाहुणा पंगतीला असला की माशाची मुंडी पंगतीतल्या सगळ्यात वडील माणसाच्या ताटात वाढायची. त्याने ती आपल्या हाताने फोडायची आणि गालाचं मऊ मांस काढून पाहुण्याला द्यायचं. ते दिल्याशिवाय पाहुण्याचा मान झाला असं कोणी मानत नाही. लग्न असो, बारसं असो, रीत चुकत नाही. आणि मी, इतकी वर्षं मासे विकलेली बाई, मुंड्या लपवून बसले होते. आबांना रघुभाऊंनी काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्यांना सांगणं म्हणजे दवंडी देणं.

"सुमन," आबांचा आवाज निघाला, "मुंडी कोठे शे?"

सुमन म्हणजे मी. जेठांशी कधी मान वर करून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "आबा, कुत्रं लई गयं."

"बठ्ठ्या?"

"सगळ्याच," मी पुटपुटले.

"बठ्ठ्या मुंड्या कुत्रं लई गयं, आनि तुकडा ठेई गयं? मोठं शहाणं कुत्रं शे!" असं म्हणून आबांनी एक तुकडा तोंडात टाकला. हिरड्यांनी चावला. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. "रघू, तू रोहू काय सांगस? ही ते चिलापी शे. मन्हा दात गयात, जीभ नही गयी."

रघुभाऊ ताटात असे बघत होते जणू त्यात विहीर आहे आणि उडी घ्यायची आहे. मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. पिशवीतून कागद काढला. माझाच अर्ज होता तो. माझं अक्षर मला लांबून ओळखू आलं.

"हा मासा आम्ही आवडीने खातो, असं तुम्ही लिहिलंय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "आणि मला वाढताना त्याची मुंडी कापून, नाव बदलून वाढता. मी काय समजू? अर्ज खरा की ताट खरं?"

रघुभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आता गप्प राहिले तर काठ गेला. धाब्यावर गप्प राहिले तेव्हा कोणाचं काही गेलं नव्हतं. इथे चाळीस घरं होती. मी पदर सारखा केला आणि पुढे झाले.

"मॅडम, अर्ज खरा आहे. ताट मी खोटं केलं. तीन दिवस मरळ धरायला गेलो, जाळ्यात हीच आली. आम्ही रोज हीच खातो, पोरांना हीच घालतो, बाळंतिणीला हीच देतो. पण तुम्ही मोठ्या, कोकणातल्या. तुमच्यापुढे ठेवायला लाज वाटली. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, तसं केलं मी. शिक्षा करायची तर मला करा. तिला निरुपयोगी लिहू नका."

एवढं बोलून मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन रडले. आबा म्हणाले, "कसाले रडस? मुंडी लय."

मी आत गेले आणि चुलीमागचं भांडं घेऊन आले. झाकण काढलं तर सात मुंड्या कालवणात, डोळे पांढरे. मॅडमनी वाकून बघितलं. "हे कुत्र्याने परत आणून दिलं का?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली. पंगतीत एक जण फिसकन हसला, मग सगळेच. रघुभाऊ तेवढे हसले नाहीत.

आबांच्या ताटात सगळ्यात मोठी मुंडी वाढली. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी ती फोडली. दिसत नाही, पण बोटांना सगळं माहीत. गालाचं मांस काढलं, नखाएवढं असतं ते, आणि चाचपत हात मॅडमच्या ताटाकडे नेला. मॅडमनी ताट उचलून त्यांच्या हाताखाली धरलं. ते ताट उचललेलं मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी ते मांस खाल्लं, भाकरीशिवाय, नुसतं. मग दुसऱ्या बाजूचंही खाल्लं. हात धुताना मला एवढंच विचारलं, "मावशी, चिखलाचा वास घालवता कसा?" मी सांगितलं. पापुद्रा, पीठ, मीठ, चिंच. त्यांनी वहीत लिहून घेतलं, जाळ्यांची भोकं लिहिली होती त्याच पानावर.

गाडी गेली आणि रघुभाऊ माझ्यावर उखडले. "रडायची काय गरज होती? आणि आबांना कोणी बसवलं पंगतीत?" मी म्हटलं, "भाऊ, पंगतीत वडील माणूस नाही बसवायचं तर काय शेठला बसवायचं?" पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. खोटं बोलून सरकारी माणसाला जेवू घातलं, आता त्या काय लिहितील? पुढचा दीड महिना वस्तीत कोणी नवीन जाळं विणायला घेतलं नाही. शेठचा माणूस काठाने चक्कर मारून जायचा आणि म्हणायचा, "काढून घ्या हळूहळू." काही घरांनी पोरांना सुरतेला कामाला पाठवायची बोलणी सुरू केली. बाजारात माझं लक्ष लागेना. वजन करताना माशाऐवजी गिऱ्हाईकाचीच पिशवी पारड्यात टाकली एकदा.

मग एका सकाळी रघुभाऊंच्या मोबाइलवर अहवाल आला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावायचा धीर होईना, म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला. सोसायटीच्या खोलीपुढे सगळी वस्ती जमली. आबा खाटेवर. मी वाचायला सुरुवात केली. सरकारी भाषा, एकेक वाक्य शेपटीएवढं लांब. बारीक भोकांची जाळी बंद. ते ऐकून दोघे-तिघे उठून चालायला लागले. मी म्हटलं, थांबा, पुढे आहे. तोंडात पिल्लं असलेली मादी सोडून देण्याची वस्तीची पद्धत चांगली आहे, ती पाळावी. काठावरून फेकजाळ्याने चिलापी धरण्याची सोसायटीच्या सभासदांना परवानगी राहील, ठेकेदाराने त्यास हरकत घेऊ नये.

बायका एकदम बोलायला लागल्या. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं. यजमान जागेवरून उठले आणि का उठलो ते न कळून पुन्हा खाली बसले. आबा ओरडले, "गप बठा! सरनं का ते?"

संपलं नव्हतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. मी वाचल्या. "सदर मासा निरुपयोगी असल्याचे ठेकेदाराचे म्हणणे मान्य करता येत नाही. अधोस्वाक्षरीकर्तीने चिलापी मासा मुंडीसह स्वतः खाल्ला असून तो चवीला उत्तम आहे."

आबांनी कानामागे हात धरला. "सरकारना कागदवर लिखेल शे? चिलापी म्हनीसन? नाव लिसन?"

"हो आबा. नाव घेऊन. खाली मॅडमची सही आहे."

त्यांच्या त्या उजेड-अंधार बघणाऱ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग म्हणाले, "आखो वाच."

मी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने, कारण मागे उभ्या बायकांनाही ऐकायचं होतं.